'फेल्ट'ची दहा वर्षे: एका उपेक्षेची पाठचिकित्सा

वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत 'उपेक्षित' हे विशेषण जितक्या सढळ हाताने वापरले जाते, तितके ते तपासून वापरले जात नाही. अमुक ग्रंथकार उपेक्षित राहिला असे म्हटले की आपल्या मनात त्याच्याविषयी करुणा आणि त्याच्या समकालीनांविषयी रोष उत्पन्न होतो. आणि हे दोन भाव एकदा उत्पन्न झाले की पुढचा विचार बहुधा तेथेच थांबतो. त्याची उपेक्षा कोणी केली, ती कोणत्या व्यवहारातून घडली, तीत त्याचा स्वतःचा वाटा किती होता, आणि पुढे त्याचा 'शोध' लागतो तेव्हा हाती येते ती मूळ वस्तूच असते की तिच्या जागी आलेली दुसरीच काही, हे प्रश्न विचारावयाचे राहूनच जातात. भवभूतीच्या समानधर्म्याची आठवण आपण अशा वेळी हमखास काढतो. परंतु तो समानधर्मा येतो तेव्हा रिकाम्या हातांनी येत नाही. आपल्या काळाची अभिरुची, आपल्या काळाच्या गरजा बरोबर घेऊन येतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

या प्रश्नांचा विचार करण्यासाठी मी येथे जे उदाहरण घेत आहे ते ग्रंथांचे नाही आणि आपल्या देशातीलही नाही. 'फेल्ट' हा इंग्लंडमधील एक बँड. ('वाद्यवृंद' हा शब्द मला वापरता आला असता, पण चार-पाच तरुणांनी एका खोलीत जमून उभारलेल्या या संस्थेला तो शब्द फारच भारदस्त होतो.) १९७९ ते १९८९ या काळात या बँडने दहा दीर्घ ध्वनिमुद्रिका आणि तितक्याच लघुमुद्रिका काढल्या. त्या काढल्या जात असताना त्यांचा श्रोतृवर्ग अल्प होता. आज ज्या गीतप्रकाराला 'इंडी पॉप' म्हणतात त्याच्या इतिहासात या बँडचे नाव आदराने घेतले जाते. गीतसंगीताचा विषय समीक्षेच्या नियतकालिकात कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर इतकेच की 'फेल्ट'च्या या प्रवासात कर्तृत्व कोणाचे मानावे आणि प्रमाण पाठ कोणता धरावा, हे दोन्ही प्रश्न इतक्या उघडपणे उभे राहतात की ग्रंथांच्या बाबतीत ते क्वचितच तसे दिसावेत.

प्रथम पार्श्वभूमी. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील पॉप संगीताचा बहुतेक व्यवहार थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होता. ध्वनिमुद्रण, तबकड्यांचे उत्पादन, दुकानांपर्यंतचे वाटप आणि जाहिरात ही सगळी साखळी त्यांच्याकडे असल्यामुळे त्यांच्या दारातून आत गेल्याखेरीज गायकाला श्रोता मिळणे दुरापास्त होते. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने उसनवारीच्या पैशावर 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली आणि ती खपली. पुढच्याच वर्षी 'स्क्रिटी पोलिटी' या लंडनच्या मंडळींनी आपल्या पहिल्या तबकडीच्या वेष्टनावर ती काढण्यास आलेल्या खर्चाचा तपशीलच छापून टाकला; म्हणजे ज्याला हवे त्याने तसे करून पाहावे. मराठी वाचकाला येथे मुंबईच्या 'शब्द', 'असो' यांसारख्या अनियतकालिकांची आठवण होणे साहजिक आहे. प्रस्थापित प्रकाशकाची वाट न पाहता आपला मजकूर आपणच वाचकाच्या हाती द्यावयाचा, ही ईर्षा दोहोंकडे एकच होती. फरक पडला तो पुढे. इंग्लंडमध्ये या स्वयंप्रकाशित तबकड्या दुकानांत पोचविणारी स्वतंत्र वाटप-यंत्रणा लवकरच उभी राहिली, आणि १९८० च्या जानेवारीपासून केवळ या मार्गाने विकल्या जाणाऱ्या तबकड्यांची निराळी खपाची यादी प्रसिद्ध होऊ लागली. 'इंडी' या शब्दाचा उगम या व्यवहारात आहे. तो शब्द मुळात वाटपाच्या एका पद्धतीचा निदर्शक होता, नादाच्या एका जातीचा नव्हता. तो नादाच्या जातीचा निदर्शक कधी झाला, हे सांगावयाचे तर 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाने १९८६ मध्ये बावीस बँडांची गाणी एकत्र करून काढलेल्या 'सी-८६' या ध्वनिफितीकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. त्या बाविसांत 'फेल्ट' नव्हता.

बर्मिंगहॅमच्या सीमेवर वॉटर ऑर्टन नावाचे एक गाव आहे. तेथील एका तरुणाने १९७९ मध्ये आपल्या निजण्याच्या खोलीत एका साध्या कॅसेट-यंत्रावर गिटारचा कल्लोळ मुद्रित केला आणि 'इंडेक्स' या नावाने तो तबकडीरूपाने प्रसिद्ध केला. या तरुणाने पुढे आडनावाचा त्याग करून केवळ 'लॉरेन्स' एवढेच नाव धारण केले. बँडचे नाव न्यूयॉर्कच्या 'टेलिव्हिजन' या बँडच्या टॉम व्हर्लेनने एका गाण्यात 'फेल्ट' हा शब्द ज्या रीतीने उच्चारला त्यावरून सुचले, असे तो सांगतो. अर्थासाठी नव्हे, उच्चारासाठी शब्दावर लुब्ध होणारा हा माणूस आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. 'इंडेक्स'ची 'साउंड्स' या साप्ताहिकाने प्रशंसा केली. परंतु ती तबकडी ऐकून पुढच्या 'फेल्ट'ची कल्पना कोणालाही करता आली नसती. किंबहुना ती 'फेल्ट'ची कृती म्हणावी की नाही हाच वादाचा मुद्दा आहे, कारण तीत लॉरेन्सखेरीज दुसरे कोणी नाही.

खरा 'फेल्ट' मॉरिस डीबँकच्या येण्याने सुरू होतो. डीबँक अभिजात पद्धतीची गिटार शिकलेला होता. त्या काळात पंक संगीताने 'शिकलेपणा' हाच दोष ठरविला होता; तीन स्वरसंघात आले की बँड काढावा असे वातावरण होते. त्या वातावरणात बोटांनी एकेक तार निरनिराळी बोलती करणारा हा वादक आणि ज्याला वाद्य बेताचेच वाजविता येत होते परंतु आपल्याला काय ऐकू यावयास हवे हे नेमके ठाऊक होते असा लॉरेन्स, यांची जोडी जमली. गॅरी एंज हा ढोलवादक त्यांना मिळाला. लॉरेन्सने त्याला झांजा वाजविण्यास मनाई केली. ही मनाई लहरीपणाची वाटेल, परंतु तिचा परिणाम ऐकण्याजोगा आहे. पाश्चात्त्य पॉप संगीतात झांजेचा छणत्कार हा नादाच्या वरच्या पट्टीत सतत पसरलेला असतो. तो काढून टाकताच तेथे एक मोकळी जागा तयार होते. डीबँकच्या गिटारीला ती जागा मिळाली. खाली ढोलांचा मंद, जवळजवळ विधीसारखा ठोका, वर गिटारीची कातीव वेलबुट्टी, आणि या दोहोंच्या मध्ये कोठेतरी अर्धवट बोललेले, अर्धवट गायिलेले लॉरेन्सचे शब्द, ही 'फेल्ट'च्या आरंभीच्या मुद्रिकांची रचना होय.

१९८२ मधील पहिल्या दीर्घ मुद्रिकेचे नाव 'क्रम्बलिंग दि अँटिसेप्टिक ब्यूटी'. जंतुरहित सौंदर्याचे ढासळणे असा काहीसा त्याचा अर्थ करावा लागेल. जेमतेम अर्ध्या तासाची ही मुद्रिका, तीत सहाच रचना. १९८४ च्या 'दि स्प्लेंडर ऑफ फिअर'मध्येही सहाच, आणि त्यांपैकी चारांत गायनच नाही. ज्या व्यवसायात गायकाचा चेहरा आणि तीन मिनिटांचे गाणे यांवर सगळी मदार, तेथे गायकाने आपल्याच मुद्रिकेचा दोन-तृतीयांश भाग वादकाच्या स्वाधीन करावा, ही गोष्ट साधी नव्हे. या संगीताला 'स्वप्नाळू' म्हणण्याची चाल आहे. मला ते विशेषण पटत नाही. स्वप्नात रेषा पुसट होतात. डीबँकच्या वादनात प्रत्येक रेषा स्वच्छ आहे. त्यात जो एकाकीपणा जाणवतो तो अस्पष्टतेतून येत नाही. पहाटेच्या उजेडात रिकामे मैदान फार लांबपर्यंत स्पष्ट दिसावे आणि त्यात कोणीच नसावे, अशा जातीचा तो आहे.

याच वर्षी डीबँकची 'इनर थॉट झोन' ही स्वतंत्र वादनाची मुद्रिकाही निघाली. ती आज फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि पुढे जे मला म्हणावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही लहानशी गोष्ट महत्त्वाची आहे.

आता उपेक्षेकडे वळू. 'फेल्ट'च्या चाहत्यांत तिची एक ठरलेली कहाणी आहे. बीबीसीवरील जॉन पीलचा रात्रीचा कार्यक्रम हे त्या काळी अशा बँडांचे प्रवेशद्वार होते. पीलला 'फेल्ट'ची गोडी नव्हती आणि त्याच्या कार्यक्रमासाठी या बँडचे एकही खास मुद्रण झाले नाही. तेव्हा दार बंद झाले. कहाणी खोटी नाही, पण तिने सर्व उलगडा होत नाही. 'चेरी रेड' ही त्यांची कंपनी त्यांना वाऱ्यावर सोडणारी नव्हती; १९८२ च्या अखेरीस तिने केवळ ९९ पेन्स किंमत ठेवून जो 'पिलोज अँड प्रेयर्स' हा संग्रह काढला आणि जो भरपूर खपला, त्यात 'फेल्ट'चे गाणे होते. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या घरात तो पोचला होता. परंतु १९८३ मध्ये मँचेस्टरहून 'दि स्मिथ्स' आले, आणि १९८४ च्या आरंभी त्यांची पहिलीच दीर्घ मुद्रिका ब्रिटनच्या सर्वसाधारण खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेली. त्यांच्याकडेही स्वच्छ, झुळझुळणारी गिटार होती. त्यांच्याकडेही एकाकी तरुणाचे शब्द होते. मात्र त्यांचा एकाकी तरुण श्रोत्याकडे तोंड करून बोलत होता. त्याचे शब्द कळत होते, त्यांत विनोद होता, तक्रार होती, आणि 'हा माझ्याविषयी बोलतो आहे' असे हजारोंना वाटावे अशी मांडणी होती. लॉरेन्सचा तरुण पाठमोरा होता. एकाच भूमीतून उगवलेल्या या दोन कृतींपैकी श्रोत्यांनी जी आपल्याकडे पाहत होती ती उचलली, यात अन्याय कोणता?

अधिक सबळ पुरावा १९८५ चा आहे. 'कॉक्टो ट्विन्स' या बँडच्या रॉबिन गथ्रीने 'फेल्ट'च्या चौथ्या मुद्रिकेचे निर्मितिकार्य केले आणि त्याच बँडच्या एलिझाबेथ फ्रेझरने 'प्रिमिटिव्ह पेंटर्स' या गाण्यात आपला आवाज दिला. सहा मिनिटांच्या आसपासचे हे गाणे. लॉरेन्सचा नीरस, संकोची स्वर आणि त्याच्याभोवती उंच भराऱ्या घेणारा फ्रेझरचा स्वर यांचा मेळ असा काही जमला की ती लघुमुद्रिका स्वतंत्र तबकड्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. दार उघडले म्हणतात ते हेच. अशा वेळी कोणताही व्यवहारज्ञ बँड त्याच वळणाची दुसरी कृती घेऊन तत्परतेने पुढे येतो. 'फेल्ट'ने काय केले? डीबँक बँड सोडून गेला. लॉरेन्सने अ‍ॅलन मॅगी याच्या 'क्रिएशन' कंपनीत प्रवेश केला आणि १९८६ मध्ये जी पहिली मुद्रिका दिली तीत दहा लहान लहान वाद्यरचना होत्या, शब्द एकही नव्हता, आणि ती सगळी वीस मिनिटांच्या आत संपत होती. तिचे नाव मात्र लांबलचक होते: 'लेट दि स्नेक्स क्रिंकल देअर हेड्स टु डेथ'. श्रोते दाराशी जमले असता घराचा मालक मागच्या दाराने फिरावयास निघून जावा, तसा हा प्रकार. यात हट्ट होता की कलावंताची निष्ठा, यावर मतभेद होऊ शकेल. मला त्यात दोहोंचे मिश्रण दिसते. परंतु या उपेक्षेचा एक कर्ता खुद्द उपेक्षित हाच होता, हे इतिहासकाराने लिहावयास हवे.

त्याच वर्षी 'फॉरेव्हर ब्रीद्स दि लोनली वर्ड' आली. माझ्या मते ही या बँडची सर्वोत्तम कृती होय. आठ गाणी, गिटारीच्या जागी आता मार्टिन डफीचा ऑर्गन. डफी १९८५ मध्ये बँडमध्ये वाजवू लागला तेव्हा त्याने विशीही गाठलेली नव्हती. डीबँकच्या वादनाने मोकळी जागा निर्माण केली होती; डफीच्या वादनाने ती भरली, परंतु अशा उबेने भरली की लॉरेन्सचा आवाज प्रथमच माणसांत आल्यासारखा वाटतो. गाण्यांच्या रचना आटोपशीर झाल्या, शब्द ऐकू येऊ लागले, आणि त्या शब्दांत दडलेला कडवट, किंचित स्वतःलाच हसणारा विनोदही कळू लागला. येथे एक गोष्ट नमूद करतो. या मुद्रिकेच्या वेष्टनावर एका तरुणाचा चेहरा आहे. नव्या श्रोत्याला तो गायकाचा वाटतो. तो डफीचा आहे.

पुढच्या तीन वर्षांतील कृतींविषयी विस्ताराने लिहिण्याची गरज नाही. १९८७ ची 'पोएम ऑफ दि रिव्हर' चांगली आहे, १९८८ ची 'दि पिक्टोरियल जॅक्सन रिव्ह्यू' विसकळीत आहे. त्याच वर्षीच्या 'ट्रेन अबव्ह दि सिटी'ची गोष्ट वेगळी. ही जॅझच्या वळणाच्या वाद्यरचनांची मुद्रिका डफी आणि एंज या दोघांनी केली. लॉरेन्स तीत गात नाही, वाजवीत नाही. रचनांना नावे देण्यापुरताच त्याचा तीत हात आहे. १९८९ मध्ये 'मी अँड अ मंकी ऑन दि मून' ही दहावी मुद्रिका निघाली, आणि तीत आपल्या बालपणाविषयी आजवर कधी नव्हे इतक्या सरळपणे बोलून लॉरेन्सने त्या वर्षाच्या अखेरीस बँडचे विसर्जन केले.

दहा वर्षे, दहा दीर्घ मुद्रिका, दहा लघुमुद्रिका. हे सर्व आरंभीच योजिले होते असे लॉरेन्सने वारंवार सांगितले आहे, आणि 'फेल्ट'विषयी काहीही ठाऊक नसलेल्यालाही हा आकड्यांचा मेळ ठाऊक असतो. त्याचे आकर्षण मी समजू शकतो. कलाकृती अपयशी ठरली तरी कारकीर्द हीच कलाकृती ठरते; अपुरेपणाला आकाराचे रूप मिळते. परंतु हिशेब बारकाईने पाहू लागताच तो सैल होतो. पहिली लघुमुद्रिका 'इंडेक्स' मोजावी लागते, आणि तीत लॉरेन्स आहे पण बँड नाही. नववी दीर्घ मुद्रिका मोजावी लागते, आणि तीत बँड आहे पण लॉरेन्स नाही. म्हणजे ज्या 'फेल्ट'ची ही दहा वर्षे, तो 'फेल्ट' म्हणजे एक माणूस असे धरले तर एका टोकाला आकडा फसतो. ती सहकाऱ्यांची संस्था असे धरले तर दुसऱ्या टोकाला. दोन्ही व्याख्या सोयीप्रमाणे वापरल्या तरच दहाचा मेळ जमतो. योजना आधी होती की मागाहून सुचली, याचा निर्णय देण्याचे कारण नाही. मागाहून सुचलेली असली तरी तिने शेवटच्या कृतींना शिस्त लावली असणार. मला महत्त्वाचे वाटते ते हे की या आख्यायिकेत कर्ता एकच उरतो.

पुनःशोधाने नेमके हेच केले. लॉरेन्सने पुढे 'डेनिम' हा बँड काढला. १९९२ ची त्यांची पहिली मुद्रिका समीक्षकांना आवडली. १९९७ च्या उन्हाळ्यात त्यांची 'समर स्मॅश' ही लघुमुद्रिका निघण्याच्या बेतात असता राजकन्या डायानाचा मोटार-अपघातात मृत्यू झाला, आणि शीर्षकातला 'आदळणे' हा अर्थ औचित्यभंग करील म्हणून कंपनीने ती मागे घेतली. दैवाने इतकी नेमकी थट्टा क्वचितच केली असेल. यानंतरची दारिद्र्याची आणि एकाकीपणाची वर्षे पॉल केली याच्या 'लॉरेन्स ऑफ बेलग्रेव्हिया' या २०११ च्या चित्रपटातून लोकांपुढे आली. ग्लासगोच्या 'बेल अँड सेबास्टियन'चा स्टुअर्ट मर्डॉक याच्यासारख्यांनी 'फेल्ट'चे ऋण जाहीरपणे मान्य केले होतेच. २०१८ मध्ये 'चेरी रेड'ने दहाही मुद्रिका पुन्हा काढल्या, आणि २०२४ मध्ये विल हॉजकिन्सन याने लॉरेन्सवर 'स्ट्रीट-लेव्हल सुपरस्टार' हे पुस्तक लिहिले. कीर्तीची इच्छा धरून कीर्तीपासून सदैव एक पाऊल मागे राहिलेल्या विक्षिप्त माणसाची ही कथा आहे, आणि ती हृद्य आहे. तिच्यातील किस्से मी येथे जाणून सांगितले नाहीत. ते इतके सुरस आहेत की एकदा ऐकले की तबकडी ऐकावयाची आठवण राहत नाही. पुष्कळ नव्या चाहत्यांच्या बाबतीत असे झाले आहे, अशी माझी समजूत आहे.

परंतु २०१८ च्या त्या पुनर्मुद्रणात याहून गंभीर बाब आहे. त्या वेळी लॉरेन्सने आपल्या जुन्या कृतींत दुरुस्त्या केल्या. ज्या वाद्यरचनांच्या मुद्रिकेचे लांबलचक नाव मी वर दिले, तिचे नाव त्याने 'दि सेव्हन्टीन्थ सेंच्युरी' असे बदलले. गथ्रीने केलेल्या चौथ्या मुद्रिकेचे ध्वनिमिश्रण त्याला कधीच मानवले नव्हते. तीतील काही गाण्यांचे मिश्रण नव्याने करून घेतले. आता प्रश्न असा की प्रमाण पाठ कोणता?

आपल्याला हा प्रश्न नवा नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून शुद्धी आणि मूळ यांचा वाद मराठीत चालत आला आहे. तेथे शुद्ध करणारा कर्त्याहून वेगळा होता आणि तीन शतकांच्या हस्तलेखनात शिरलेले दोष काढणे हा त्याचा हेतू होता. येथे कर्ता हयात आहे, तोच हात फिरवतो आहे, आणि काढावयाचे आहे ते नकलकाराचे नव्हे, सहकाऱ्याचे कर्तृत्व. लेखकाला आपल्या ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत बदल करण्याचा अधिकार असतो, हे मला मान्य आहे. कित्येक कवींनी तो वापरला आहे, आणि कधी कविता सुधारली, कधी बिघडली. गथ्रीच्या मिश्रणाविषयीची लॉरेन्सची तक्रारही निराधार नाही. त्या धुक्यात डीबँकची कातीव रेषा हरवते, आणि नव्या मिश्रणात ती पुन्हा दिसू लागते. श्रोता म्हणून मला नवा पाठ अधिक आवडतो, असेही मी कबूल करतो. पण १९८५ मध्ये ज्याने तबकडी विकत घेतली त्याने ते धुके ऐकले होते. ज्याची प्रशंसा झाली, ज्याची उपेक्षा झाली, ते धुक्यासहितचे संगीत होते. १९८६ मध्ये दुकानातल्या ज्या नावापुढे गिऱ्हाईक थबकले आणि बहुधा पुढे गेले, ते 'सतरावे शतक' हे सुटसुटीत नाव नव्हते. दुरुस्त पाठ हाती घेऊन 'इतके सुंदर संगीत लोकांनी कसे ऐकले नाही?' असे विचारणे म्हणजे जी वस्तू त्यांच्यापुढे ठेवलीच नव्हती ती न पाहिल्याचा दोष त्यांना देणे होय.

म्हणून 'फेल्ट'चा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही पाठ जवळ ठेवावेत, आणि जेथे इतिहास लिहावयाचा असेल तेथे जुना प्रमाण धरावा. तसे केले म्हणजे कर्तृत्वाचे वाटपही बदलू लागते. जुन्या तबकड्या क्रमाने ऐकत गेले की 'फेल्ट'चे दोन कालखंड स्पष्ट दिसतात, आणि त्यांना विभागणारी रेषा लॉरेन्सच्या आयुष्यातील कोणत्याही घटनेवर नाही. ती डीबँक गेला आणि डफी स्थिरावला तेथे आहे. पहिल्या चार मुद्रिकांचे व्याकरण गिटारीचे आहे, पुढच्यांचे बव्हंशी कळवाद्यांचे. लॉरेन्सचे वाङ्मयीन कर्तृत्व, म्हणजे शब्द, शीर्षके, वेष्टने, काय वगळावे याचा कठोर निर्णय, हे दोहोंना सांधणारे सूत्र आहे, आणि ते सूत्र लहान नाही. झांजा काढून टाकण्याचे त्यालाच सुचले. पण रिकाम्या केलेल्या जागेत काय उगवावे हे त्याच्या हाती नव्हते.

डीबँकवर पुस्तक झालेले नाही, त्याच्यावर चित्रपट निघालेला नाही. डफी 'फेल्ट'नंतर 'प्रायमल स्क्रीम' या बँडमध्ये गेला. त्यांच्या १९९१ च्या 'स्क्रीमाडेलिका' या मुद्रिकेवर त्याचे वादन आहे, आणि तिला पुढच्या वर्षी पहिले मर्क्युरी पारितोषिक मिळाले. २०२२ च्या डिसेंबरात तो वारला. मृत्युलेखांत बहुतेक ठिकाणी 'प्रायमल स्क्रीमचा वादक' असा त्याचा उल्लेख झाला आणि 'फेल्ट' एखाद्या ओळीत उरकला गेला. 'ट्रेन अबव्ह दि सिटी' ही मुद्रिका चाहत्यांच्या याद्यांत अजूनही खालीच असते; लॉरेन्स तीत नाही म्हणून ती खरी 'फेल्ट'ची नव्हे, असे म्हटले जाते. मी ती अलीकडे पुन्हा ऐकली. रात्रीच्या शहरावरून एखादी रिकामी गाडी संथपणे जावी तसा डफीचा हात पियानोवरून फिरतो, एंज त्याला हलकेच साथ देतो, आणि वेष्टनावर प्रत्येक रचनेपुढे लॉरेन्सने दिलेले नाव तेवढे छापलेले आहे.